गहिवर : खोट्या गोष्टीचे खरे पाणी

बॉक्सिंगचा सामना संपला आहे. वडील जिंकले आहेत, पण मार इतका बसला आहे की आतल्या खोलीत आणेपर्यंत त्यांचा प्राण कंठाशी आलेला आहे. मुलाच्या डोळ्यांदेखत ते जातात. मुलगा लहान आहे. वडील आता उठणार नाहीत हे त्याला कळते, पण पटत नाही. तो त्यांना हलवतो, हाका मारतो, खोलीतल्या मोठ्या माणसांकडे पाहून रडतो. प्रसंग एवढाच. लांबी २ मिनिटे ५१ सेकंद.

'द चॅम्प' या १९७९ सालच्या अमेरिकी चित्रपटाचा हा शेवट. दिग्दर्शक फ्रँको झेफिरेली, बॉक्सर झालेला जॉन व्हॉइट आणि मुलगा झालेला रिकी श्रोडर. श्रोडरला वयाच्या नवव्या वर्षी या कामासाठी गोल्डन ग्लोब पुरस्कार मिळाला. हा चित्रपट आज आवर्जून शोधून पाहणारे थोडेच असतील, पण त्यातली ही जेमतेम तीन मिनिटे मानसशास्त्राच्या प्रयोगशाळांत वर्षानुवर्षे दाखवली जात आहेत.

त्याचे कारण साधे आहे. दुःखाचा अभ्यास करायचा तर दुःखी माणूस समोर हवा, आणि प्रयोगासाठी कुणाच्या घरी खरे संकट आणता येत नाही. म्हणून जेम्स ग्रॉस आणि रॉबर्ट लेव्हनसन या दोन अमेरिकी संशोधकांनी २५० हून अधिक चित्रपट चाळले, त्यांतले निवडक तुकडे ४९४ जणांना दाखवले आणि कोणत्या तुकड्याने कोणती भावना हमखास जागी होते याची यादी १९९५ साली प्रसिद्ध केली. हसू, राग, समाधान, किळस, भीती, आश्चर्य, दुःख आणि काहीच न वाटणे अशा आठ अवस्था आणि प्रत्येकीला दोन तुकडे. दुःखाच्या रकान्यात 'द चॅम्प'चा शेवट आला आणि सोबतीला 'बँबी' या १९४२ सालच्या डिस्नेच्या चित्रपटातला आईच्या मृत्यूचा प्रसंग. पुढे कितीतरी प्रश्नांची उत्तरे या बॉक्सरच्या मृत्यूवरून शोधली गेली. नैराश्याने ग्रासलेली माणसे इतरांपेक्षा जास्त रडतात का? उदास मनाने माणूस खरेदीला निघाला तर हात सैल सुटतो का? वय वाढते तसे दुःख अधिक भिडते का?

नवल असे, की प्रयोगाला बसलेल्या प्रत्येकाला सारे ठाऊक असते. तो बॉक्सर नट आहे, 'कट' म्हटल्यावर तो उठून बसला असेल, मुलगा आपल्या घरी गेला असेल. 'बँबी'त तर माणूसही नाही, कागदावर काढलेले हरीण आहे. गोष्ट खोटी आहे हे माहीत असूनही डोळ्यांतून येणारे पाणी मात्र अगदी खरे असते. हे पाणी येते कुठून?

एक हजार द्राख्माचा दंड

नाटक पाहून सारा प्रेक्षकवर्ग रडल्याच्या सर्वांत जुन्या लेखी नोंदींपैकी एक हिरोडोटस या ग्रीक इतिहासकाराने करून ठेवली आहे. इसवी सनापूर्वी ४९४ साली इराण्यांनी मिलेटस हे आशिया मायनरच्या किनाऱ्यावरचे ग्रीक शहर जिंकून उद्ध्वस्त केले. अथेन्सचे लोक मिलेटसवासीयांना आपले भाऊबंद मानत. थोड्याच काळाने फ्रिनिकस नावाच्या नाटककाराने या पाडावावर नाटक रचून अथेन्समध्ये सादर केले, आणि सगळे नाट्यगृह रडू लागले. अथेन्सने फ्रिनिकसला बक्षीस दिले नाही. आपल्याच माणसांच्या दुःखाची आठवण करून दिली म्हणून त्याला एक हजार द्राख्माचा दंड ठोठावला आणि ते नाटक पुन्हा कुणी करू नये अशी बंदी घातली. नाटक आज उपलब्ध नाही, दंडाची हकीकत तेवढी उरली आहे.

या हकिकतीतून पहिला धडा मिळतो. दुःख अगदीच ताजे आणि अगदीच आपले असेल, तर ते पाहताना रस निर्माण होत नाही, जखमच उघडी पडते. शंभरावर वर्षांनी ॲरिस्टॉटलने शोकांतिकेचा विचार मांडला, तो दया आणि भीती या भावनांना वाट करून देणारी कला म्हणून. रडवणारे नाटक हा गुन्हा नव्हे, ते एक प्रकारचे शोधन आहे, अशी बाजू त्यामुळे उभी राहिली.

भारतात हा विचार आणखी बारकाईने झाला. भरताच्या नाट्यशास्त्रात आठ रसांपैकी एक करुण. त्याचा स्थायीभाव शोक, देवता यम आणि रंग कबुतराचा, म्हणजे धुरकट करडा. अश्रूंना तेथे वेगळे स्थान आहे. घाम, रोमांच, कंप, आवाज बदलणे यांच्या पंक्तीत भरताने अश्रू आठ सात्त्विक भावांमध्ये बसवले. सात्त्विक म्हणजे मन एकाग्र झाल्याशिवाय जे उमटत नाहीत ते. हातवारे सरावाने जमतात, अश्रूंना मात्र आतून यावे लागते, असा त्याचा अर्थ.

हॉलिवूडने यावर निर्दय उपाय शोधला होता. 'स्किपी' या १९३१ सालच्या चित्रपटाच्या वेळी जॅकी कूपर या बालनटाला रडू येईना, तेव्हा दिग्दर्शक नॉर्मन टॉरोग यांनी त्याच्या कुत्र्याला गोळी घातल्याचा देखावा केला. मूल धाय मोकलून रडले आणि कॅमेरा चालू राहिला. टॉरोग यांना त्या चित्रपटासाठी दिग्दर्शनाचे ऑस्कर मिळाले. कूपर यांनी पुढे आत्मचरित्र लिहिले तेव्हा त्याचे नावच 'माझ्या कुत्र्याला मारू नका' या विनवणीवरून ठेवले. 'स्किपी'च्याच वर्षी, १९३१ साली, 'द चॅम्प' पहिल्यांदा पडद्यावर आला होता. १९७९ चा चित्रपट ही त्याचीच नवी आवृत्ती. त्या मूळ चित्रपटातला बॉक्सरचा मुलगा होता हाच जॅकी कूपर.

शेजारी बसलेली सीता

काश्मीरमधल्या भट्टनायक आणि अभिनवगुप्त या आचार्यांना वेगळाच प्रश्न पडला होता. शोक दुःखद आहे, मग करुण रस हवाहवासा का वाटतो? भट्टनायकाने दिलेले उत्तर म्हणजे साधारणीकरण. रंगमंचावरचा शोक अमक्या माणसाचा उरत नाही आणि माझाही नसतो. तो सर्वांचा होतो. माझा नसल्यामुळे तो मला मोडत नाही, आणि सर्वांचा झाल्यामुळे माझ्यापर्यंत पोहोचतो. फ्रिनिकसचे नेमके इथेच चुकले होते. मिलेटसचे दुःख अथेन्सच्या लोकांसाठी साधारण झालेले नव्हते.

हे तत्त्व शास्त्रात मांडले जाण्याआधी आठव्या शतकात एका नाटककाराने ते प्रत्यक्ष दाखवून ठेवले होते. भवभूती विदर्भातल्या पद्मपूरचा. त्याच्या 'उत्तररामचरित' नाटकाच्या पहिल्या अंकात राम अयोध्येचा राजा झाला आहे. वनवास संपला आहे, रावण मेला आहे, सीता परत आली आहे. लक्ष्मण एक चित्रमालिका घेऊन येतो. त्या चित्रांत राम आणि सीता यांचेच गतआयुष्य रंगवलेले आहे. तिघे एकेक चित्र पाहत जातात. गोदावरीकाठचे जनस्थान येते, सीताहरणाचा प्रसंग येतो, आणि रामाच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागते.

सीता कुठे आहे? ती शेजारीच बसली आहे. ती सुखरूप आहे हे रामाला माहीत आहे. तरीही चित्रातली हरवलेली सीता पाहून तो रडतो. चित्रगृहाच्या अंधारात आपल्या मुलाला मांडीवर घेऊन पडद्यावरच्या मुलासाठी रडणाऱ्या आईचे आणि या रामाचे नाते अगदी जवळचे आहे.

डोळ्यांत नेमके काय घडते

माणसाच्या डोळ्यांत तीन प्रकारचे पाणी असते. पहिले बुबुळावर सतत पसरलेले, डोळा ओला ठेवणारे. दुसरे कांदा चिरताना, धूर किंवा कचरा गेल्यावर येणारे. तिसरे भावनेचे. दुसऱ्या आणि तिसऱ्या पाण्याचे मुख्य उगमस्थान भुवईखाली बाहेरच्या कोपऱ्यात असलेली बदामाएवढी अश्रुग्रंथी. भावनेच्या वेळी मेंदूकडून येणारा संदेश सातव्या मस्तिष्क चेतातंतूमार्गे तिच्यापर्यंत पोहोचतो आणि ती भरभरून स्रवू लागते. डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्यातल्या दोन बारीक छिद्रांतून एरवी हे पाणी नाकात उतरत असते. त्या छिद्रांना पेलवेनासे झाले की ते गालांवर येते. रडताना नाक वाहते ते नाकात उतरणाऱ्या या पाण्यामुळेच. घशात येणारा आवंढाही शरीराच्या ओढाताणीतून येतो. आवेगात जास्त हवा आत घेण्यासाठी स्वरयंत्रातली फट उघडी राहू पाहते आणि गिळताना तिला मिटावे लागते.

तान्हे बाळ पहिले काही आठवडे मोठ्याने रडते, पण त्याच्या डोळ्यांतून अश्रू येत नाहीत. चार्ल्स डार्विनने १८७२ सालच्या भावनांवरील ग्रंथात ही गोष्ट नोंदवली. भावनेच्या अश्रूंना स्वतःचे असे काही काम असावे असे मात्र त्याला वाटले नाही. पुढे अमेरिकेतल्या विल्यम फ्राय या जीवरसायनशास्त्रज्ञाने लोकांना करुण चित्रपट दाखवून त्यांचे अश्रू परीक्षानळीत गोळा केले आणि कांद्याच्या वासाने आलेल्या अश्रूंशी ताडून पाहिले. भावनेच्या अश्रूंत प्रथिने अधिक निघाली. त्यावरून अश्रूंवाटे ताणाची द्रव्ये बाहेर पडत असावीत अशी कल्पना त्याने मांडली. ती लोकप्रिय झाली, पण पुरेशी सिद्ध झालेली नाही. अलीकडचे अभ्यासक, त्यात नेदरलँड्समधील टिलबर्ग विद्यापीठाचे ॲड व्हिंगरहूट्स प्रमुख, अश्रूंकडे संकेत म्हणून पाहतात. हंबरडा दूरच्या शत्रूलाही ऐकू जातो. अश्रू मात्र जवळ असलेल्यालाच दिसतात. 'मला तुझी गरज आहे' हे आवाज न करता सांगण्याची ती सोय आहे.

म्हणजे शरीराच्या दृष्टीनेही अश्रू ही एकट्याची गोष्ट नाही. ती दोघांमधली आहे. रडवणाऱ्या गोष्टी पाहिल्या की हेच दिसते.

हरिश्चंद्रापासून श्यामपर्यंत

३ मे १९१३ रोजी मुंबईत गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरमध्ये दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आला. भारतीय कथापटाची सुरुवात ज्या गोष्टीने झाली, ती कीर्तनांत आणि नाटकांत पिढ्यान् पिढ्या लोकांना रडवत आलेली होती. राज्य गेले, पत्नी विकली गेली, राजा स्मशानात चाकर झाला. तारामती सर्पदंशाने मेलेल्या रोहिदासाला घेऊन त्याच स्मशानात येते आणि बाप कर्तव्य म्हणून तिच्याकडे दहनाचा कर मागतो. पडद्यावर रोहिदास झाला होता फाळक्यांचा मुलगा भालचंद्र, आणि तारामती झाले होते अण्णा साळुंके नावाचे पुरुष. मोहनदास गांधी यांनी लहानपणी हरिश्चंद्राचे नाटक पाहिले होते. ते मनात किती वेळा पुन्हा पुन्हा घडवले आणि त्या विचाराने किती वेळा रडू आले, हे त्यांनी आत्मकथेत लिहून ठेवले आहे.

राम गणेश गडकरी यांचे 'एकच प्याला' १९१९ साली गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले, ते नाटककाराच्या मृत्यूनंतर अवघ्या महिन्याभरात. दारूने घर धुळीला मिळाले तरी नवऱ्याला शब्दाने न दुखावणारी सिंधू बालगंधर्वांनी उभी केली. समोर लुगडे नेसलेला तो पुरुष आहे हे सगळ्यांना माहीत होते आणि त्या सिंधूसाठी महाराष्ट्र रडला. साधारणीकरणाचा याहून मोठा दाखला कोणता?

फेब्रुवारी १९३३ मध्ये साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली. पुस्तक १९३५ साली निघाले. ४२ रात्री, आणि दर रात्री आश्रमातल्या मित्रांना श्यामने सांगितलेली आईची एक आठवण. कोकणातले गरीब घर, कर्ज, आजारपण. पण वाचकाचा घसा दाटतो तो गरिबीच्या वर्णनाने नव्हे. आंघोळ झाल्यावर ओल्या तळव्यांना माती लागेल म्हणून हट्ट धरणाऱ्या मुलासाठी आई दगडावर आपले ओचे पसरते, आणि पायांना जपतोस तसा मनालाही घाण लागू देऊ नकोस असे सांगते, अशा ठिकाणी तो दाटतो. आचार्य अत्रे यांनी १९५३ साली या पुस्तकावर चित्रपट काढला. आई झाल्या वनमाला, श्याम झाला माधव वझे, संगीत वसंत देसाई यांचे. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार १९५४ साली सुरू झाले तेव्हा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे पहिलेच राष्ट्रपती सुवर्णपदक या चित्रपटाला मिळाले.

त्यानंतर तो मान मराठी चित्रपटाला मिळायला सुमारे पन्नास वर्षे लागली. तो चित्रपट संदीप सावंत यांचा 'श्वास' (२००४). माधवी घारपुरे यांच्या कथेवर तो आधारलेला आहे. कोकणातल्या लहानग्या परशाला डोळ्यांचा कर्करोग झाला आहे. शस्त्रक्रिया केली तर जीव वाचेल, पण दृष्टी जाईल. शस्त्रक्रियेआधीच्या उरलेल्या वेळात अरुण नलावडे यांनी रंगवलेले आजोबा नातवाला इस्पितळातून बाहेर नेतात, जग पाहून घे म्हणून. 'श्वास'मध्ये कुणी मरत नाही. उलट मुलगा वाचतो. तरी प्रेक्षक रडतात, आणि नेमके तेव्हा रडतात जेव्हा परशा हसत असतो.

या दोहोंच्या मधे, १९९१ साली, विजय कोंडके यांच्या 'माहेरची साडी'ने गावोगावची चित्रगृहे भरवली. टीकाकारांनी नाके मुरडली. पदर डोळ्याला लावून बाहेर पडणाऱ्या बायकांना त्याचे सोयरसुतक नव्हते. अलका कुबल यांची सासुरवाशीण त्यांच्या ओळखीची होती. एरवी घरात मोकळेपणी रडता न येणाऱ्या बाईला तिकीट काढून रडायची जागा मिळाली होती, हे त्या यशामागचे कारण लक्षात घेतले पाहिजे.

उशिरा मागितलेली क्षमा

रडवणाऱ्या गोष्टीची बांधणी कशी असते? इटालियन समीक्षक फ्रँको मोरेत्ती यांनी मुलांसाठी लिहिलेल्या करुण कथा तपासून एक सूत्र काढले. त्यांच्या मते गोष्टीत उशीर झाला की डोळे भरतात. जे कळायला हवे होते ते कळते, पण आता त्याचा उपयोग नसतो.

याचा उत्तम नमुना म्हणजे हंगेरियन लेखक फेरेन्स मोलनार यांची 'पाल रस्त्यावरची मुले' ही विसाव्या शतकाच्या आरंभीची कादंबरी. बुडापेस्टमधल्या मुलांच्या टोळीत नेमेचेक हा सगळ्यांत किडकिडा. खेळातल्या सैन्यात बाकी सारे अधिकारी, हा एकटा साधा शिपाई. सोबत्यांनी गैरसमजातून त्याचे नाव वहीत लहान अक्षरांनी लिहून त्याला फितूर ठरवलेले असते. हाच मुलगा गार पाण्यात पुन्हा पुन्हा भिजून आजारी पडतो आणि तापातच उठून येऊन खेळाचे मैदान वाचवतो. मुलांना चूक कळते. क्षमा मागायला ती येतात, पण तोवर वेळ निघून गेलेली असते. शेवटी त्याच्या मित्राला कळते, की ज्या मैदानासाठी हे सारे झाले तिथे आता इमारत उभी राहणार आहे.

पण उशीर हे एकच गमक नव्हे. जपानचा 'होतारु नो हाका' म्हणजे 'काजव्यांची समाधी' (१९८८) हा इसाओ ताकाहाता यांचा ॲनिमेशनपट शेवट आधीच सांगून टाकतो. पहिल्याच दृश्यात कळते, की १९४५ च्या सप्टेंबरमध्ये रेल्वे स्थानकात भुकेने मरणारा हा मुलगाच आपला नायक आहे. पुढचे सगळे आपण जाणून पाहतो. कोबे शहरावरच्या बॉम्बहल्ल्यात आई गमावलेला सेइता धाकट्या सेत्सुकोला सांभाळतो, गोळ्यांच्या पत्र्याच्या डब्यात पाणी घालून उरलीसुरली गोडी तिला पाजतो. मूळ कथा अकियुकी नोसाका यांनी १९६७ साली लिहिली. युद्धात त्यांचीही लहान बहीण उपासमारीने गेली होती. आपण सेइतासारखे प्रेमळ नव्हतो, हे त्यांनी स्वतः कबूल केले आहे. प्रत्यक्षात जी माया करायची राहून गेली ती त्यांनी कथेत केली. उशीर इथेही आहेच, फक्त तो पात्रांचा नसून लेखकाचा आहे.

याउलट नागराज मंजुळे यांच्या 'सैराट'चा (२०१६) शेवट आठवा. पडद्यावरचा आवाज पूर्ण थांबतो, लहान मूल रडते तेही ऐकू येत नाही. असा शेवट पाहून माणसे सुन्न बसून राहतात. रडू फुटायला कुठेतरी मायेचा एक हात लागतो. तोच कापून टाकला की डोळे कोरडे पडतात. दिग्दर्शकाला तिथे रडवायचे नव्हतेच.

रडून बरे वाटते का?

'रडून घे, बरे वाटेल' असे आपल्याकडे म्हणतात. हे खरे का, याची परीक्षा टिलबर्गमध्ये झाली आणि २०१५ साली प्रसिद्ध झाली. ६० जणांना दोन चित्रपट दाखवले. एक रोबेर्तो बेनिन्यी यांचा 'लाइफ इज ब्यूटिफुल', ज्यात छळछावणीत अडकलेला बाप मुलाला हा सगळा खेळ आहे असे भासवत राहतो. दुसरा 'हाची', मालकाची वाट पाहणाऱ्या कुत्र्याचा. २८ जण रडले, ३२ रडले नाहीत. चित्रपट संपल्यावर लगेच विचारले तेव्हा रडलेल्यांचे मन आधीपेक्षा उदास होते, न रडलेल्यांच्या मनःस्थितीत फरक नव्हता. २० मिनिटांनी रडलेलेही पूर्ववत झाले. ९० मिनिटांनी मात्र ते चित्रपट सुरू होण्यापूर्वीपेक्षाही प्रसन्न होते. म्हणजे म्हण खरी आहे, पण दीड तास धीर धरायला हवा.

रॉबिन डनबार आणि ऑक्सफर्डमधल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली आणखी एक गोष्ट दाखवली. बेघर माणसाच्या आयुष्यावरचा हृदयद्रावक चित्रपट गटाने पाहिल्यावर प्रेक्षकांची वेदना सोसण्याची क्षमता वाढली आणि शेजारी बसलेल्या अनोळखी माणसांविषयी जवळीकही वाढली. माहितीपट पाहणाऱ्यांत असे झाले नाही. जपानमध्ये २०१३ पासून 'रुइकात्सु' नावाचे उपक्रम चालतात. 'रुइ' म्हणजे अश्रू. अनोळखी लोक एकत्र जमून करुण चित्रफिती पाहतात आणि रडून मोकळे होतात. चारचौघांत भावना आवरण्याचा संस्कार असलेल्या देशात अशा सोयीची गरज भासावी, हे समजण्यासारखे आहे.

'हाची'ची गोष्ट तर घडलेली आहे. तोक्यो विद्यापीठातले कृषिशास्त्राचे प्राध्यापक उएनो यांचा अकिता जातीचा कुत्रा त्यांना घ्यायला शिबुया स्थानकावर येत असे. मे १९२५ मध्ये प्राध्यापक कामाच्या ठिकाणीच वारले. हाचिको जवळजवळ दहा वर्षे, ८ मार्च १९३५ ला मरेपर्यंत, स्थानकावर येत राहिला. १९३४ साली तिथे त्याचा पुतळा उभारला तेव्हा तो स्वतः हजर होता. तो पुतळा युद्धात वितळवला गेला, १९४८ साली नवा बसवला. २०१५ साली विद्यापीठाच्या आवारात आणखी एक पुतळा उभा राहिला. त्यात प्राध्यापक परत आले आहेत आणि हाचिको पुढचे पाय उचलून त्यांच्या अंगावर झेपावतो आहे. वाट पाहणाऱ्या हाचिकोइतकाच हा दुसरा पुतळाही डोळे ओले करतो, आणि त्यात दुःखाचा मागमूस नाही.

या पाण्याचे नाव

इथे गुंता सुटतो. वियोगाने रडू येते आणि भेटीनेही येते. मरणाने येते आणि मायेच्या एका साध्या कृतीनेही. दोन्हींत समान काय? ॲलन फिस्के, बेआते झाइप्ट आणि थॉमस शुबर्ट या संशोधकांनी याचे उत्तर दिले आहे. माणसांमधले नाते अचानक उजळून निघते तेव्हा छातीत ऊब दाटते, अंगावर काटा येतो, कंठ भरतो आणि डोळे ओलावतात. १९ देशांत १५ भाषांमध्ये त्यांनी ही भावना तपासली. या भावनेला सर्वत्र चालेल असे नेमके नाव हवे होते, म्हणून त्यांनी संस्कृताकडे वळून 'काममूत', म्हणजे प्रेमाने हललेला, हा शब्द घेतला.

मराठीला इतके दूर जावे लागत नाही. रडण्याचे शब्द आपल्याकडे उदंड. डोळे पाणावतात, टचकन पाणी येते, उमाळा येतो, कढ येतात, माणूस मुसमुसतो, स्फुंदतो, हमसून हमसून रडतो, टाहो फोडतो. हंबरडा तर गाईकडून घेतलेला. पण या सगळ्यांपासून वेगळा असा एक शब्द आहे : गहिवर. गहिवर निव्वळ वेदनेने येत नाही. सासरी निघालेल्या मुलीला निरोप देताना येतो, वर्षांनी भेटलेल्या मित्राला मिठी मारताना येतो, पंढरीच्या वाटेवर कळस दिसल्यावर येतो. बॉक्सरच्या मुलासाठी, परशासाठी, हाचिकोसाठी येते ते हेच. गोष्ट खोटी असते, पण तिने हलवलेले नाते आपले असते आणि ते खरे असते. म्हणूनच पाणीही खरे.

म्हणून चित्रगृहातले दिवे लागल्यावर घाईने डोळे पुसण्याचे कारण नाही. त्या क्षणी आपल्याला कोण आठवले, एवढे मात्र स्वतःला विचारावे. पात्रांना झालेला उशीर आपल्याला अजून झालेला नसतो.

भवभूतीने हे जाणले होते. मूळ रामायणात सीता शेवटी धरणीच्या पोटात जाते. 'उत्तररामचरिता'च्या सातव्या अंकात वाल्मीकी एक नाटक लावतात आणि राम प्रेक्षक म्हणून बसतो. रंगमंचावर त्याने टाकलेल्या सीतेचीच व्यथा उलगडते. ते पाहून राम शोकाने मूर्च्छित पडतो. तो शुद्धीवर येतो तो सीतेच्या स्पर्शाने, आणि ती सीता नाटकातली नसते.